कडांचा उजेड आणि दुरुस्तीची मर्यादा

पावसाळ्यात पनवेलहून कर्नाळ्याच्या सुळक्याचे छायाचित्र घेतले, तर ढगांनी भरलेले आकाश डोळ्यांना बहुतांशी एकसारखे भासते. कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेल्या मूळ चित्रात मात्र ते मध्यभागी उजळ आणि कोपऱ्यांत काळवंडलेले असते. हा दोष आकाशाचा नव्हे, भिंगाचा होय. आपल्या हाती येणाऱ्या चित्रात तो सहसा दिसत नाही. कारण कॅमेऱ्यातील चित्रसंस्कार करणारी चिप प्रत्येक पिक्सेलला त्याच्या स्थानानुसार ठरलेल्या गुणकाने गुणते. या दुरुस्तीची परीक्षा बहुधा पांढऱ्या पृष्ठाच्या एकसारखेपणावरून केली जाते. ही कसोटी आवश्यक असली तरी पुरेशी नाही, असे आमचे मत आहे.

साध्या भिंगाच्या बाबतीत प्रकाश हा कोनाच्या कोज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात घटतो. ३० अंशांवर तो मध्याच्या सुमारे ५६ टक्के उरतो. म्हणून तेथे १.७८ हा गुणक लागतो. परंतु प्रकाशकणांच्या संख्येत स्वभावतःच चढउतार असतो, आणि त्यामुळे कोपऱ्यातील संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर मध्याच्या ७५ टक्क्यांवर येते. गुणाकाराने दोन्ही सारखेच वाढतात. उजेड भरून निघतो. हरवलेली माहिती परत येत नाही.

क्रमाचेही महत्त्व आहे. प्रकाश नसतानाही संवेदक काही पायाभूत अंक देतो. तो ६४ असून मध्यभागी प्रकाशाचा अंक ४०० असेल, तर वरील कोपऱ्यात एकूण २८९ मिळतील. ६४ वजा करण्यापूर्वीच गुणाकार केला, तर उत्तर ४०० न येता सुमारे ४५० येते, आणि काळा कोपरा मध्याहून उजळ होतो.

वर्णाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. अवरक्त किरण अडविणारी गाळणी तिरप्या किरणांसाठी आपली सीमा लघुतर तरंगलांबीकडे सरकवते. साहजिकच कोपऱ्यांत तांबडा प्रकाश अधिक घटतो. ही घट प्रकाशाच्या जातीवर अवलंबून असल्याने दिवसाच्या उजेडात बनविलेले कोष्टक तारेच्या दिव्याखाली चुकते. चिपमध्ये १७ × १३ बिंदूंची जाळी ठेवली, तर चार वर्णस्थानांसाठी अवघे ८८४ गुणक पुरतात, व मधले अंतर्वेशनाने काढता येतात. इतक्या अल्प साठ्यात एकाहून अधिक दिव्यांसाठी वेगळी कोष्टके न ठेवणे हे काटकसरीचे नव्हे, अनास्थेचे लक्षण होय.

कर्नाळ्याच्या अभयारण्यातील पक्षी चित्राच्या मध्यभागीच बसेल, असे नाही. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात तो कोपऱ्यात सापडला, तर पूर्ण गुणकाने त्याच्या पिसांवर गोंगाटाचे ठिपके उठतात आणि ओळख पटविणे कठीण होते. अशा वेळी वर्णाची दुरुस्ती पूर्ण, परंतु उजेडाची अंशतःच करणे श्रेयस्कर. कोपरा थोडा काळा राहिला तरी चालेल; तो खोटेपणाने उजळू नये.