दान की निक्षेप?

यंत्राने माणसाचे बोलणे ऐकून लिहून काढावे, ही विद्या आता आश्चर्याची राहिलेली नाही. तिच्या गुणांचे स्तवन पुष्कळ झाले. परंतु ज्यांच्या मुखातून ती शिकली त्यांचा तिच्यावर अधिकार कोणता, याचा विचार व्हावा तितका झालेला नाही.

न्यूझीलंडच्या उत्तरेस काइताइआ येथे 'ते हिकू मीडिया' ही माओरी लोकांची नभोवाणी-संस्था आहे. २०१८ मध्ये तिने स्वभाषिकांना वाक्ये वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे आवाहन केले, आणि अवघ्या १० दिवसांत सुमारे २,५०० जणांनी ३०० तासांहून अधिक वाणी तिच्या हवाली केली. एके काळी शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना मार बसे. त्या भाषेला अधिकृत दर्जा मिळण्यास १९८७ साल उजाडावे लागले. हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे या संग्रहाची विक्री संस्थेने का नाकारली, हे निराळे सांगावयास नको. तिचा परवाना 'काइतिआकितांगा', म्हणजे राखणदारी, या तत्त्वावर उभा आहे: संस्था वाणीची मालक नव्हे, रक्षक होय.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या 'भाषिणी' योजनेत (२०२२) लोकांकडून मराठीसह अनेक भाषांचे आवाज मागितले जातात. त्या उपक्रमास नाव 'भाषादान'. नाव गोड खरे. पण आमच्या धर्मशास्त्रात दान म्हणजे दात्याच्या स्वत्वाची निवृत्ती. दिलेल्या वस्तूचा हिशेब दात्याने मागावयाचा नसतो. विश्वासाने ठेवावयास दिलेल्या वस्तूस निक्षेप म्हणतात, आणि तिच्यावरील ठेवणाराचा हक्क कायम राहतो.

संग्रह सर्वांस खुला असला तर निर्धन अभ्यासकाचेही कल्याण होईल, असा युक्तिवाद कोणी करील. तो पोकळ नाही. मात्र उघड्या कोठारातून सर्वांत अधिक धान्य तोच नेतो, ज्याचे गाडे मोठे असते.

आणखी एक धोका आहे. यंत्र पुस्तकी मराठीच तेवढी शिकले, तर अहिराणी वा वऱ्हाडी बोलणाराने आपले म्हणणे त्यास कळावे म्हणून आपली जीभच वळवावी काय? बोली दडपण्यास मग छडीची गरज उरणार नाही. यंत्राचे न समजणेच पुरेल.

यंत्रास आमचा विरोध नाही. वाणी अवश्य द्यावी. मात्र ती निक्षेप म्हणून द्यावी, सर्व बोलींसह द्यावी, आणि हिशेब मागण्याचा हक्क राखून द्यावी.