शीर नसलेली देवता आणि संग्रहालयाची चौकट

विद्यापीठीय संग्रहालयात समकालीन कलेची प्रदर्शने भरवावीत काय, हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थापनाचा वाटतो. वस्तुतः तो अर्थनिर्णयनाचा प्रश्न आहे आणि म्हणूनच समीक्षेच्या कक्षेत येतो. संग्रहालयातील वस्तू ही संहिता मानली, तर तिच्याशेजारची नामपट्टी हे तिचे एक वाचन ठरते. आणि समकालीन कलाकृती तेथे येऊन उभी राहिली, की त्या वाचनाशेजारी दुसरे वाचन उभे राहते. या दुसऱ्या वाचनाचा अधिकार कोणता आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे इनामगावच्या निमित्ताने करावयाचा आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या नावे त्याचा वृत्तान्त १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ही वसाहत. पुढे १९९० मध्ये डेक्कन कॉलेज अभिमत विद्यापीठ झाले. तेव्हा इनामगावच्या वस्तूंना आपण विद्यापीठीय संग्रहाचा भाग म्हणतो, त्यात केवळ पत्ता सांगितलेला नसतो. त्या कोणत्या ज्ञानव्यवस्थेत वाचल्या जातात, हेही सांगितलेले असते.

यांपैकी दोन वस्तू प्रस्तुत विवेचनास पुरेशा आहेत. पहिली म्हणजे एका घराच्या जमिनीखाली सापडलेली, झाकण असलेली मातीची पेटी. पेटीत शीर नसलेली स्त्रीमूर्ती. झाकणावर शीर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल. शीररहित मूर्तीच्या पोटातील आणि बैलाच्या पाठीवरील छिद्रांत काडी बसवली, की मूर्ती बैलावर आरूढ होते. हे सारे कच्च्या मातीचे. दुसरी वस्तू म्हणजे चार पायांचा मातीचा रांजण. त्यात एक मध्यमवयीन पुरुष बसलेल्या अवस्थेत पुरलेला होता. तेथील प्रौढांच्या दफनांत घोट्याखाली पाय तोडण्याची रीत आढळते. या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. म्हणून ढवळीकरांनी त्याला गावप्रमुख मानले.

मराठी सौंदर्यविचारात या वस्तूंचे काय होते? मर्ढेकरांच्या लयसिद्धांतानुसार मूर्ती ही संवाद, विरोध आणि समतोल यांची रचना ठरेल. तिचे मातृत्व, तिचे देवतापण हे कलाबाह्य. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद हे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव म्हणून मांडले. त्या चौकटीत पाहता संग्रहालयातील काचेची पेटी ही स्वायत्ततेची, तर नामपट्टी ही लौकिकतेची प्रतिनिधी म्हणता येईल. परंतु इनामगावची मूर्ती दोन्हींना निसटते. ती पाहण्यासाठी केलेलीच नव्हती. जमिनीखाली झाकून ठेवण्यासाठी केलेली होती. वाल्टर बेन्यामीनने पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य असा जो भेद केला, तो येथे टोकाला पोहोचतो: तिचे पूजामूल्यच अदृश्यतेत होते. तिला दिव्याखाली ठेवणे हे तिच्या अर्थाचे पहिले उल्लंघन आहे, आणि ते शास्त्राने केलेले आहे. तेव्हा पावित्र्यभंगाचा आरोप एकट्या समकालीन कलावंतावर करता येणार नाही.

समकालीन कलावंत अशा ठिकाणी काय करू शकतो, याचे एक उदाहरण मुंबईत आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात निरनिराळ्या जातिजमातींच्या मातीच्या लहान प्रतिकृती आहेत. वसाहतकालीन वर्गीकरणाने प्रत्येकीला वेष दिला, व्यवसाय दिला आणि स्वस्थ उभे केले. जितीश कल्लाट यांनी २०११ मध्ये तेथे भरवलेल्या प्रदर्शनात तेवढ्याच लहान, पण एकमेकांवर तुटून पडलेल्या माणसांचा जमाव मांडला. जुन्या प्रतिकृतींची शांतता ही निरीक्षकाने लादलेली शांतता होती, हे त्यामुळे उघड झाले. हा अलंकार नव्हे. हे वाचन आहे, आणि मूळ संहितेला धरून केलेले आहे.

पण हे संग्रहालय नगरपालिकेचे. विद्यापीठाची जबाबदारी वेगळी. पुरातत्त्वज्ञ असा आक्षेप घेईल, की कलावंताचे वाचन पुराव्याला बांधलेले नसते. हा आक्षेप गंभीर आहे. मात्र नामपट्टीवरील ‘मातृदेवता’ हा शब्दही पुराव्याच्या पुढे जाणारा आहे. शीर नसणे म्हणजे न्यून नव्हे, ती एक उपासनादृष्टी असू शकते, हे रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) जिवंत परंपरेच्या आधारे दाखवले, म्हणजे मातीने न सांगितलेले लोकाचाराने सांगितले. फरक एवढाच, की ढेरे आपले अनुमान तपासू देतात. कलावंताकडूनही हीच अपेक्षा ठेवता येईल: त्याने प्रमाण द्यावे असे नव्हे, तर मूळ वस्तू झाकू नये, आणि आपले वाचन कोठे सुरू होते ते दिसू द्यावे. रांजणाच्या बाबतीत ही अट अधिक कठोर होते. तो आकार म्हणून मोहक आहे. पण ती एका माणसाची कबर आहे, आणि ज्यांचे पाय तोडले गेले त्यांची आठवणही तिच्यात आहे. केवळ आकारावर भाळणारी कलाकृती त्या इतरांना दुसऱ्यांदा पुरते.

अखेरचा मुद्दा वाचकाचा. शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील विद्यार्थ्याला इनामगाव पाठ्यपुस्तकात भेटते. त्याच्या शेताजवळच्या मातीतील वस्तू पाहायला त्याला पुण्यास जावे लागते. इनामगावच्या उत्तरकाळात पाऊस कमी झाला, प्रशस्त घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. दुष्काळ जाणणाऱ्या या मुलखाला त्याचा अर्थ कोणत्याही नामपट्टीपेक्षा लवकर कळेल. विद्यापीठाने समकालीन प्रदर्शन भरवायचे असेल, तर त्याची कसोटी येथे आहे. ते घोड-भीमेच्या काठच्या माणसाला प्रेक्षक मानते, की स्वतःच्या भूमीचा वाचक? पहिल्या भूमिकेतून सजावट निष्पन्न होईल. समीक्षेला स्वारस्य आहे ते दुसऱ्या भूमिकेत.