राणीने रखमाबाईंचं लग्न मोडलं नव्हतं

दरवर्षी २२ नोव्हेंबर जवळ आला की माझ्या फोनवर एक मजकूर येतो. तुमच्याकडेही आला असेल. डॉ. रखमाबाईंचा फोटो आणि खाली आठ-दहा ओळी. अकराव्या वर्षी लग्न, मोठेपणी नांदायला जायला नकार, कोर्टाचा हुकूम, तुरुंग पत्करीन पण जाणार नाही असं उत्तर. मग शेवटच्या ओळीत राणी व्हिक्टोरिया येते, आपला अधिकार वापरून ते लग्न रद्द करते, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होतात.

मुंबई इलाख्यातले एकोणिसाव्या शतकातले नवरा-बायकोचे खटले हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे घरचे आणि मित्रमैत्रिणी हा मजकूर मला आवर्जून पाठवतात. मी अंगठा दाखवून मोकळी होते. यंदा मात्र लिहायला बसले आहे. राणीच्या त्या एका ओळीमुळे रखमाबाईंनी प्रत्यक्षात काय मागितलं होतं तेच पुसलं जातं, आणि ते पुसलं जाणं मला परवडणारं वाटत नाही.

आधी खटला नीट बघू.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील लवकर गेले. आई जयंतीबाई सुतार समाजातल्या, तिथे विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, वनस्पतींचे अभ्यासक होते. रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि दादाजी एकोणीस. लग्नानंतर त्या आईकडेच राहिल्या, वाचत राहिल्या. दोघांनी एकत्र संसार असा कधी केलाच नाही.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. दाव्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे : वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. म्हणजे बायकोला माझ्याकडे नांदायला पाठवा. न्यायमूर्ती पिन्हे यांनी २१ सप्टेंबर १८८५ ला निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यांचा मुद्दा अगदी साधा होता. जे कधी सुरूच झालं नाही, त्याची पुनर्स्थापना कशी करायची? आणि मुळात ही दाव्याची तऱ्हा इंग्लंडमधून आणलेली, हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नाही.

गंमत बघा. ज्या १८८४ साली हा दावा लागला, त्याच साली इंग्लंडने आपल्या कायद्यातून अशा हुकुमाबद्दलचा तुरुंगवास काढून टाकला होता. इथे तो शिल्लक होता. दादाजींनी अपील केलं, वरच्या खंडपीठाने १८८६ मध्ये पिन्हेंचा निकाल फिरवून खटला परत पाठवला, आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. टिळकांसह अनेकांनी रखमाबाईंच्या विरोधात बाजू घेतली. दादाजींनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली. रखमाबाईंनी तिला वर्तमानपत्रातून उत्तर दिलं.

म्हणजे, सरळ सांगायचं तर, रखमाबाई खटला हरल्या.

मग त्या तुरुंगात का गेल्या नाहीत? कारण जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकुमाची अंमलबजावणी करणार नाही असं कबूल केलं. बस्स, एवढंच. ह्यात राणी कुठेच नाही.

राणी नाही हे कशावरून?

पहिली गोष्ट, लग्न १८८७ मध्ये रद्द झालं असतं तर १८८८ मध्ये दोन हजार रुपये कशाचे मोजले? दुसरी गोष्ट, लग्न मोडण्याचा असा वैयक्तिक अधिकार राणीकडे तिच्या स्वतःच्या देशातही नव्हता. इंग्लंडमध्येही १८५७ पासून घटस्फोट कोर्टच देत होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. दादाजी १९०४ मध्ये वारले. त्यानंतर रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या, असं चरित्रांत येतं. आपल्या मजकुरांत हा तपशील बहुतेक वेळा गाळलेला असतो, कारण तो बंडखोर नायिकेच्या चित्रात बसत नाही. त्यांनी असं का केलं असेल यावर मी इथे अंदाज बांधत नाही. पण त्या लग्नाची गाठ त्यांच्या आयुष्यातून कुणी सोडवून दिलेली नव्हती, एवढं तरी त्या साडीवरून दिसतं. तडजोडीनंतर दादाजींना दुसरं लग्न करायला कायद्याची अडचण नव्हती, आणि त्यांनी ते केलंही. हिंदू पुरुषाला पहिलं लग्न मोडावं लागतच नव्हतं. रखमाबाईंना मात्र तो रस्ता नव्हता.

आता तुम्ही विचाराल, राणीची गोष्ट मग आली कुठून? पूर्ण हवेतून आलेली नाही. रखमाबाईंनी राणीला खरोखर उद्देशून लिहिलं होतं. १८८७ हे व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचं पन्नासावं वर्ष. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार असताना लिहिलेल्या ह्या पत्रातली विनंती फक्त स्वतःपुरती नव्हती. त्यांनी सगळ्या मुलींसाठी कायद्यात एक छोटी दुरुस्ती मागितली : मुलगा वीस वर्षांचा आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्याआधी लागलेलं लग्न कोर्टापुढे आलं तर कोर्टाने ते कायदेशीर मानू नये.

ही मागणी शांतपणे परत वाचा. बालविवाह करणाऱ्यांना शिक्षा करा, असं त्या म्हणत नाहीत. पोलीस पाठवा, असंही नाही. त्या म्हणतात, तुमच्या कोर्टाची ताकद अशा लग्नामागे उभी करू नका. स्वतःच्या खटल्यातून त्या हे शिकल्या होत्या. त्यांना तुरुंगाची भीती घालत होतं ते कोर्ट. दोन वर्षांपूर्वी, १८८५ मध्ये, त्यांनी 'अ हिंदू लेडी' या नावाने मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्र लिहिलं होतं. त्यातही शिक्षण तुटण्याचं, मन खुरटण्याचं दुःख आहे. पण १८८७ च्या पत्रात त्या दुःखाला कायद्याची नेमकी भाषा मिळाली आहे.

मिळालं काय?

"ह्या खटल्यामुळे संमतिवयाचा कायदा झाला," हे वाक्यही त्या मजकुरांत असतं. खटल्याने वातावरण तापवलं हे खरं. पण १८९१ च्या त्या कायद्याने शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं. लग्नाच्या वैधतेला त्याने हातही लावला नाही. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं, शिक्षाही ठेवली, तरी लागलेलं लग्न वैधच राहिलं. आजच्या २००६ च्या कायद्यातही बालविवाह सहसा आपोआप रद्द ठरत नाही. लहान वयात लग्न लागलेल्या व्यक्तीने स्वतः मागणी केली तर तो रद्द होऊ शकतो. १८८७ मध्ये बावीस वर्षांच्या एका मुलीने मागितलेली दुरुस्ती आपण अजून पूर्ण केलेली नाही.

आणि ते दाव्याचं नाव आठवतंय ना? ह्या दाव्यातला तुरुंगवास १९२३ मध्ये गेला, मालमत्तेवरची जप्ती राहिली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा १८ मे रोजी लागू झाला आणि त्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना पुन्हा लिहिली गेली. रखमाबाई त्याच वर्षी २५ सप्टेंबरला वारल्या. ज्या दाव्याने त्यांना कोर्टात ओढलं, तो स्वतंत्र भारताच्या कायद्यात नव्याने नोंदलेला असतानाच त्या गेल्या. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध असल्याचं सांगितलं.

माझा आक्षेप आता स्पष्ट झाला असेल. राणीने सोडवलं असं म्हटलं की गोष्ट संपते. अन्याय होता, दयाळू सत्तेने तो दूर केला, आता हार घालू या. खरी गोष्ट संपत नाही. त्यात एक हरलेला खटला आहे, पैसे मोजून घेतलेली सुटका आहे, आणि उत्तराविना पडून असलेलं एक पत्र आहे.

शिवाय ह्या शेवटामुळे डॉक्टर रखमाबाई तळटीपेत जातात. खटला चालला चार वर्षं. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठबळाने त्या १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या, आणि परतल्यावर सुरत आणि मग राजकोट इथल्या बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ काम केलं. 'पहिली डॉक्टर' हा शिक्काही मी सावधपणे वापरेन. आनंदीबाई जोशींना पदवी १८८६ मध्ये मिळाली, आणि कलकत्त्यात कादंबिनी गांगुली रखमाबाईंच्या आधीपासून रुग्ण तपासत होत्या. पहिल्या नंबराची रखमाबाईंना गरज नाही. पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवायची नाही अशा घरांतल्या बायकांसाठी तीन दशकं दवाखाना उघडा ठेवणं, हे काम पुरेसं मोठं आहे.

म्हणून एक विनंती. यंदा तो मजकूर आला तर पुढे जरूर पाठवा, फक्त शेवटची ओळ बदला. राणीच्या जागी लिहा : दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, कायदा तसाच राहिला. वाचणारा विचारेल, मग पुढे काय झालं? तो प्रश्न पडायला हवा.