कमला सोहोनींच्या गोष्टीत त्यांचं संशोधन कुठे आहे?

कमला सोहोनींवरचा कुठलाही लेख उघडा. १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या, शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिज, १९३९ मध्ये पीएचडी, तीही चाळीसेक पानांच्या प्रबंधावर. मध्येच दुर्गा भागवतांची बहीण हा उल्लेख, शेवटी नीरा आणि राष्ट्रपती पुरस्कार. २०२३ मध्ये गूगलने त्यांचं डूडल केलं तेव्हाही साधारण हेच सगळीकडे फिरलं.

गोष्ट खरी आहे, सांगायलाच हवी. पण तुम्ही संशोधनात येऊ पाहताय, तर एक प्रयोग करा. असा एखादा लेख वाचून झाल्यावर स्वतःला विचारा, बाईंनी नेमकं शोधलं काय? बहुतेक वेळा उत्तर एका ओळीत संपतं: ‘वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी.’ ते का शोधायचं होतं, कसं सापडलं, याबद्दल चकार शब्द नाही. एका शास्त्रज्ञाचं आख्खं आयुष्य आपण प्रवेशाच्या दारापाशीच थांबवून ठेवलंय.

खरा मुद्दा असा आहे. पेशी अन्नातून ऊर्जा काढते तेव्हा इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे सरकत शेवटी ऑक्सिजनपर्यंत जातात. या साखळीतलं एक प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिनने १९२५ मध्ये प्राण्यांच्या पेशी आणि यीस्ट वर्णपटदर्शकाखाली धरून सायटोक्रोमचे पट्टे दाखवले होते. वनस्पतींचं काय? हिरव्या पानात क्लोरोफिलच इतका प्रकाश शोषतं की हे फिकट पट्टे दिसणं कठीण. म्हणून बटाटा! हिरवेपणा नाही, पण श्वसन चालू. सोहोनींनी रॉबिन हिलबरोबर काम केलं आणि सायटोक्रोम सीचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम सपुष्प वनस्पतींतही असतं, हे १९३९ मध्ये ‘नेचर’मधल्या टिपणात मांडलं. म्हणजे माणूस आणि बटाटा श्वास घेण्याच्या शेवटच्या पायरीवर एकच यंत्रणा वापरतात. यातली शिकण्यासारखी गोष्ट मला पानांच्या संख्येपेक्षा नमुन्याच्या निवडीत दिसते. चाळीस पानांचं कौतुक करून कुणाचा प्रबंध लहान होत नाही, हे तुमच्या गाईडला विचारून बघा.

दुसरी तक्रार. भारतात परतल्यावर त्या ‘मूलभूत विज्ञान सोडून पोषणाकडे वळल्या’ असं सहज लिहिलं जातं. मला हे पटत नाही. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पन्नाशीच्या दशकात वाल, डबल बी अशा कडधान्यांतले ट्रिप्सिन-रोधक तपासले. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम. दाण्यातला रोधक त्यालाच अडवतो. म्हणजे ताटात प्रथिन भरपूर, पण पचणार किती? आपली आजी वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवून बिरडं करते, तेव्हा उष्णतेने या रोधकांचा बराचसा जोर जातो. इथेही प्रश्न एन्झाइमचाच आहे, फक्त बटाट्याच्या जागी वाल आलाय. याला वळणं म्हणायचं तर म्हणा.

उलट, ज्या नीरेचं सर्वाधिक कौतुक होतं, ती मला यापेक्षा कमी रंजक वाटते. एखाद्या पेयात अमुक जीवनसत्त्व आणि लोह आहे हे मोजणं उपयोगी असतं, वाद नाही. पण नीरा काही तासांत आंबायला लागते, त्यामुळे मोजलेलं पोषण प्रत्यक्षात मुलाच्या पोटात कसं पोचवायचं हा प्रश्न उरतोच, आणि पुरस्काराच्या वाक्यात तो हरवतो.

आता मूळ लेखन शोधायचं असेल तर एक अडचण येईल. फक्त ‘सोहोनी’ टाकून केंब्रिजचं काम सापडत नाही; ते ‘भागवत’ या नावावर आहे, आणि इंग्रजीत त्यातला ‘व’ डब्ल्यूने नव्हे, व्हीने लिहिलाय. १९३९ चं टिपण छोटं आहे, एका बैठकीत होईल. त्याचा सविस्तर लेख हिलबरोबर १९५१ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये आला, म्हणजे बारा वर्षांनी. आधी टिपण वाचा, मग तो.