स्पॉकचा मेंदू आणि तीन तासांचे ज्ञान

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका आपल्याकडे पोचली ती १९८० च्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. त्या वेळी शाळा-कॉलेजात असलेल्या अनेकांना कॅप्टन कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांचा, भावनांना थारा न देणारा स्पॉक अजून आठवत असतील. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात चालली आणि तिचे ७९ भाग झाले. त्यांतला सर्वांत वाईट भाग कोणता, असे चाहत्यांना विचारले तर बहुतेक जण एकच नाव घेतात : 'स्पॉक्स ब्रेन', म्हणजे स्पॉकचा मेंदू. स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांनीही या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळी आपल्याला लाज वाटत होती, असे पुढे आत्मचरित्रात लिहिले. अशा भागाची बाजू मांडायला आम्ही बसलो आहोत.

निमित्त घडले ते असे. बोरिवलीच्या बाजूने होडीतून खाडी ओलांडून आम्ही गोराईला गेलो होतो. तिथे काही शिक्षक आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी जमले होते आणि विज्ञानकथा वर्गात कशी वापरावी यावर बोलायचे होते. चांगली विज्ञानकथा दाखवली की सगळे माना डोलावतात आणि चर्चा संपते, हा आमचा अनुभव. म्हणून मुद्दाम वाईट म्हणून गाजलेला भाग निवडला.

कथानक थोडक्यात सांगतो. एक अनोळखी स्त्री 'एंटरप्राइज' यानावर अवतरते, सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉकचा मेंदू काढून घेऊन जाते. मेंदूविना शरीर फार तर २४ तास जगवता येईल, असे मॅकॉय सांगतो. यान माग काढत सिग्मा ड्रॅकोनिस या ताऱ्याच्या सहाव्या ग्रहावर पोचते. वर बर्फ आणि रानटी अवस्थेतले पुरुष, तर जमिनीखाली उबदार नगरीत राहणाऱ्या स्त्रिया. या नगरीची हवा, पाणी, उष्णता यांची व्यवस्था एक 'नियंत्रक' पाहतो. जुना नियंत्रक दहा हजार वर्षांनी निकामी होऊ लागला, म्हणून त्याच्या जागी स्पॉकचा मेंदू बसवलेला आहे.

दोष पुष्कळ आहेत, ते आधी मान्य करून टाकू. मेंदू नसलेला स्पॉक हातातल्या खटक्यांवर चावीच्या बाहुल्यासारखा चालवला जातो. गोराईत या दृश्याला खोली हसून लोटपोट झाली आणि आम्हीही हसलो. चोरीसाठी वापरलेले यान आयन-प्रणोदनावर चालते म्हणून मुख्य अभियंता थक्क होतो. प्रत्यक्षात असे इंजिन १९६४ मध्येच अवकाशात चालवून पाहिले गेले होते आणि त्याचा जोर हातावर ठेवलेल्या एकदोन कागदांच्या वजनाएवढा असतो! तो जोर महिनोन् महिने लावता येतो हे त्याचे बलस्थान, पण झटपट पळून जाण्यासाठी ते वाहन नव्हे. स्त्रियांचे चित्रण तर आज पाहवत नाही. जमिनीवरचे पुरुषही काही शहाणे नाहीत. पण कॅमेरा हसतो तो स्त्रियांनाच, आणि या दोषावर आमच्याकडे बचाव नाही.

मात्र 'मेंदू काढून नेणे ही कल्पनाच खुळचट' हा आक्षेप आम्ही मानत नाही. हा भाग प्रथम दाखवला गेला तो २० सप्टेंबर १९६८ रोजी. त्याआधी नऊ महिने, डिसेंबर १९६७ मध्ये, ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउनला पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तशीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला, पण जगात फार थोड्या ठिकाणी तोवर एवढे धाडस झाले होते. माकडाचा मेंदू शरीराबाहेर काही काळ जिवंत ठेवण्याचा प्रयोग रॉबर्ट व्हाइट यांनी त्या दशकाच्या पूर्वार्धातच केला होता. आणि ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे हा भाग दाखवला जाण्याच्या जेमतेम दीड महिना आधी, हार्वर्डच्या समितीने मेंदूचे कार्य कायमचे थांबणे हाच मृत्यूचा निकष धरावा, असा अहवाल प्रसिद्ध केला. हृदय बदलले तरी माणूस तोच राहतो; मग माणूस नेमका राहतो कुठे? हा प्रश्न त्या वर्षी वर्तमानपत्रांत होता. आपल्याकडे मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याने मिळाली. हा भाग पाहून झाल्यावर वर्गात अवयवदानाचा विषय काढण्यासाठी वेगळी प्रस्तावना लागत नाही.

शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही एक गोष्ट बरी जमली आहे. नव्या जागी गेलेला स्पॉक बोलू लागतो तेव्हा आपण श्वास घेत आहोत, रक्त फिरवत आहोत, तापमान राखत आहोत, असेच त्याला जाणवत असते. त्याला नगरी हेच शरीर वाटते. मेंदूचा खालचा भाग, मस्तिष्कस्तंभ, आपल्या नकळत श्वासाचा ताल सांभाळतो आणि अधश्चेतक तापमानावर नजर ठेवतो. गरम झाले की थंड करा, थंड झाले की गरम करा, हे प्रतिभरणाचे तत्त्व शरीराला लागू आहे तसेच इमारतीच्या वातानुकूलनालाही. एक चूक मात्र शिक्षकांनी दाखवून द्यावी : हृदयाचा ठोका मेंदूवर अवलंबून नसतो. ठोका देणारी गाठ हृदयातच असते, मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो. तसे नसते तर बर्नार्ड आणि सेन यांना हे काम हातीच घेता आले नसते.

यानावरचा तर्काचा प्रसंगही आम्हांला आवडतो. तीन ग्रह राहण्याजोगे, पण एकाकडेही अशा प्रगत यानाची ऐपत दिसत नाही. मग बर्फाळ ग्रहावरून ऊर्जेच्या लहरी येतात. त्या ज्वालामुखीच्या किंवा वाफेच्या असू शकतील, हे तरुण अधिकारी स्वतःच सांगतो. पण लहरी फार नियमित आहेत, हेही तो सांगतो. निसर्गाने स्पष्टीकरण मिळते का ते आधी पाहायचे, आणि ते कुठे अडते तेही पाहायचे. प्रयोगवहीत शेरा लिहिण्याचा याहून चांगला नमुना आम्हांला ठाऊक नाही.

पण हा भाग आम्ही निवडला तो एका वेगळ्याच वस्तूसाठी. त्या नगरीत एक शिरस्त्राण आहे आणि त्याचे नाव 'शिक्षक' असे आहे. ते डोक्यावर चढवले की पूर्वजांचे सारे ज्ञान क्षणात मिळते. मेंदू चोरणाऱ्या काराला असेच शस्त्रक्रियेचे ज्ञान मिळाले होते. ते तीन तास टिकते. नंतर तिला मेंदू म्हणजे काय हेसुद्धा सांगता येत नाही, आणि प्रेक्षक हसतात.

आम्ही हसत नाही, कारण काराला आम्ही तोंडी परीक्षांमध्ये बऱ्याच वेळा भेटलो आहोत. मार्चमध्ये अचूक लिहिलेले सूत्र जूनमध्ये ओळखीचेही वाटत नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ केले तर त्यांतले निम्म्याहून अधिक पहिल्या तासातच विरून जाते, असे त्याला आढळले. काराचे तीन तास त्या मानाने उदारच म्हणायचे! आणि आज खिशातल्या यंत्राला विचारले की उत्तर मिळते. त्यात वाईट काही नाही, आम्हीही विचारतो. पण उत्तर चुकले तर ते कुठे चुकले हे शोधण्याची ताकद ते शिरस्त्राण देत नाही.

गोराईत याचे उदाहरण बाहेर खाडीतच होते. भरतीची वेळ काढण्यासाठी कोकण किनाऱ्यावर एक ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास; पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुलांना तो ठाऊक होता. पण पाऊणपटच का, असे विचारल्यावर शांतता पसरली. मग फळ्यावर मांडले. चंद्र एका चांद्रमासात, म्हणजे ३० तिथींत, पूर्ण २४ तास मागे पडतो; म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. ठोकताळा ४५ धरतो, कारण तोंडी हिशेबाला पाऊणपट सोपी. अकरावीतल्या एका मुलीने लगेच सांगितले, की मग पौर्णिमेपर्यंत पंधरा वेळा तीन, पंचेचाळीस मिनिटांची चूक साचते, आणि पाऊणपटीऐवजी चार-पंचमांश घेतले तर ती जाईल. स्थानिक किनाऱ्याप्रमाणे आणखी थोडा फरक पडतो ही गोष्ट वेगळी. तिला मिळालेले ज्ञान तिने दुरुस्त केले, आणि तेवढेच काराला तिच्या तीन तासांतही जमले नसते.

भागाचा उत्कर्षबिंदूही इथेच आहे. शेवटी मॅकॉय स्वतः ते शिरस्त्राण घालतो आणि मेंदू परत बसवायला घेतो. अर्ध्यावर त्याचे ज्ञान ओसरू लागते. समोर हजारो मज्जातंतू, हात थबकलेला, आणि पुढे काय ते आठवत नाही! तेव्हा तो स्पॉकची वाचा आधी जोडून देतो आणि रुग्णच वैद्याला पुढची पायरी सांगू लागतो. हे दृश्य अनेकांना हास्यास्पद वाटते. आम्हांला वाटते की मॅकॉय इथे तगतो तो शिरस्त्राणाआधीच्या आपल्या आयुष्यभराच्या डॉक्टरकीवर. सांगितलेली पायरी समजण्याइतके त्याचे स्वतःचे ज्ञान शिल्लक होते.

गोराईत आम्ही भाग याच क्षणी थांबवला आणि विचारले, काराच्या लोकांनी काय करायला हवे होते? त्याच मुलीने उत्तर दिले : तीन तास सगळे येत होते ना, मग तेवढ्या वेळात लिहून का नाही ठेवले? दहा हजार वर्षांत एकीनेही? पटकथेत याचे उत्तर नाही. मागे बसलेल्या एका गुरुजींनी तेवढ्यात विचारले, "अगं, पण लिहिलेलं वाचायला चौथ्या तासाला कोणाला येणार होतं?" त्यावर वाद इतका रंगला, की भागाचा शेवट पाहायचा राहूनच गेला.