पाळणा आणि पिंजरा
(हेमलकशाच्या घराचे वाङ्मय : एक वाचन)

आमच्या धर्मग्रामाच्या निवासात पुस्तकांचे एक कपाट आहे. त्याला वाचनालय म्हणणे धाडसाचे होईल. परंतु हिंगोली जिल्ह्यातील आडगावी दोनशे पुस्तके आणि ती मागून नेणारी दहा-बारा मुले असली, तर त्यावरही समाधान मानावे लागते. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी सातवीतला एक मुलगा डॉ. प्रकाश आमटे यांचे 'रानमित्र' घेऊन गेला. चार दिवसांनी त्याने ते जुन्या वर्तमानपत्राचे वेष्टन घालून परत आणले आणि दाराशी घुटमळत राहिला. आवडले का, असे आम्ही विचारले. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "फादर, ह्यांनी एकबी जनावर इकलं नाही का?"

आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. त्या मुलाच्या घरी एक पाट होती. तिला त्याने पिलू असल्यापासून पाला घातला होता. मृगाच्या पेरणीसाठी बियाणे घ्यायचे म्हणून ती आठवडी बाजारात गेली, हे आम्हांस ठाऊक होते. एका वाचकाने एका पुस्तकास विचारलेला तो प्रश्न होता, आणि समीक्षेचे काम असल्या प्रश्नांपासूनच सुरू व्हावे असे आम्हांस वाटते. म्हणून हे पुस्तक, त्याचे वडीलभावंड 'प्रकाशवाटा' आणि विलास मनोहर यांचे 'नेगल' आम्ही पुन्हा वाचली. या तिन्ही पुस्तकांच्या केंद्रस्थानी एक घर आहे. त्यात लहान मुले आहेत आणि मुलांइतकाच हक्क गाजवणारी जनावरे आहेत. अशा घराचे वाङ्मय मराठीत विपुल नाही. त्यामुळे त्याचे मोल आणि त्याच्या मर्यादा दोन्ही नीट पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम त्या घराचा इतिहास थोडक्यात सांगू. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी गडचिरोलीच्या भामरागड भागात, हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. प्रकाश आणि मंदाकिनी हे दोघेही डॉक्टर. नुकताच विवाह झालेला. माडिया गोंडांच्या त्या प्रदेशात वीज नव्हती आणि पावसाळ्यात रस्ताही उरत नसे. तेथे त्यांनी दवाखाना थाटला. 1976 साली आश्रमशाळा निघाली. दिगंत, अनिकेत आणि दत्तक घेतलेली आरती ही मुले तेथेच वाढली आणि माडिया मुलांबरोबर त्याच शाळेत शिकली. या दांपत्यास 2008 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा बाहेरच्या जगाने त्यांच्याकडे नव्याने पाहिले; पण त्या घराचा संसार तोवर साडेतीन दशकांचा झाला होता.

या घरात जनावरे आली ती हौसेने नव्हेत, ही गोष्ट वाचकाने विसरू नये. शिकार करून परतणाऱ्या माडियांजवळ मारलेली माकडीण होती आणि तिच्या छातीला तिचे जिवंत पिलू बिलगलेले होते. डॉक्टरांनी ते पिलू मागितले आणि त्याच्या मोबदल्यात धान्य दिले. पोट भरण्यासाठी मारणाऱ्यास मारू नकोस असे सांगणे सोपे असते. परंतु त्याच्या भुकेची तरतूद केल्यावाचून त्या उपदेशास अर्थ नसतो. तेथून पुढे अनाथ पिले येत गेली. माकडे, अस्वल, बिबळे, हरणे, साप, मगरी असा परिवार वाढत गेला. या प्राण्यांच्या अनाथालयाला इंग्रजीत 'ॲनिमल आर्क' असे नाव मिळाले. आर्क म्हणजे तारू. नोहाच्या तारवाची कथा आपण प्राण्यांच्या जोड्यांची कथा म्हणून मुलांना सांगतो. पण ती मुळात एका कुटुंबाचीही कथा आहे. नोहा, त्याची पत्नी, तीन पुत्र आणि तीन सुना अशा आठ माणसांचा संसार त्या तारवात होता. तो संसार कसा चालला असेल, याविषयी उत्पत्तीचे पुस्तक मौन पाळते. हेमलकशाची पुस्तके ते मौन थोडेसे सोडतात, हा त्यांचा पहिला गुण.

दुसरा गुण भाषेचा. प्रकाश आमटे यांचे निवेदन साधे आहे. बिबळ्याला उपमा नाहीत, अस्वलाला अलंकार नाहीत. जनावराविषयी लिहिताना मराठी लेखक दोन खड्ड्यांपैकी एकात हमखास पडतो. एक, जनावराच्या तोंडी माणसाचे विचार घालणे. दुसरा, त्याला निसर्गाच्या गूढाचे प्रतीक करून टाकणे. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्या अशा रेखाटल्या की हे दोन्ही खड्डे चुकले. पण ती वानरे रानातली होती. घरात शिरलेल्या जनावराविषयी तटस्थपणे लिहिणे अधिक अवघड, कारण तेथे माया मध्ये येते. रुग्णाच्या जखमेकडे पाहण्याची डॉक्टराची सवय येथे लेखकाच्या कामी आली आहे. तो माया लपवीत नाही आणि तिचे प्रदर्शनही मांडत नाही.

तिसरा गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. तो ध्यानात येण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. याच विषयावरची दोन युरोपीय पुस्तके जगभर वाचली गेली. जेरल्ड डरेल या इंग्रज लेखकाने आपल्या बालपणाची कथा 1956 साली लिहिली. ग्रीसमधील कोर्फू बेटावर 1935 ते 1939 या काळात हे कुटुंब राहिले. धाकटा मुलगा घरात विंचू, कासवे, घुबड आणीत असे आणि विधवा आई ते सारे सोशीत असे. ते पुस्तक विनोदी आहे आणि त्याचा निवेदक मूल आहे. दुसरे पुस्तक ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांचे, 1949 सालचे. त्यांच्या घरात माकडे आणि मोठे पक्षी मोकळे फिरत. तेव्हा मोठी मुलगी लहान होती. तिला सांभाळण्यासाठी त्यांच्या पत्नीने उलटा उपाय योजला : जनावरांना मोकळे ठेवले आणि मुलीला पिंजऱ्यात. लोरेन्झ हे गमतीने सांगतात आणि वाचकही हसतो.

आम्हीही हसलो. परंतु त्याच लोरेन्झ यांनी 1938 साली नाझी पक्षात प्रवेश केला होता आणि पाळीवपणामुळे जनावरांत दिसणारा ऱ्हास माणसांच्या वंशालाही लावून दाखविणारे लेखन त्या काळात केले होते. पुढे 1973 साली, म्हणजे हेमलकशाचा आरंभ झाला त्याच वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मागील लेखनाविषयी त्यांनी खेदही व्यक्त केला. त्यांच्या शास्त्राचे मोल यामुळे नाहीसे होत नाही. मात्र एक भाबडा समज यामुळे ढासळतो. 'ज्याला जनावरांची माया, त्याला माणसांची माया असणारच' असे आपण सहज म्हणून जातो. तसा नियम नाही. हंसांच्या पिलांमागे धावणारा मनुष्य शेजाऱ्याच्या दुःखापुढे दार लावून घेऊ शकतो. हेमलकशाच्या घरात जखमी बिबळ्या आणि अस्वलाने फाडलेला माडिया हे दोघेही एकाच डॉक्टराच्या दारी आले आणि दोघांनाही आत घेतले गेले. त्यामुळेच ही पुस्तके प्राणिप्रेमाच्या कोणत्याही गोड कथेहून निराळ्या जातीची ठरतात.

आता उणिवा. पहिली उणीव निवेदकाची आहे. 'प्रकाशवाटा' व 'रानमित्र' ही पित्याची पुस्तके आहेत. 'नेगल' सहकाऱ्याचे आहे. रांगते मूल आणि वाढता बिबळ्या एका अंगणात असताना आईच्या मनात काय चालले होते, हे या तिन्ही पुस्तकांत आपणांस बाहेरूनच कळते. मंदाताईंचा उल्लेख आदराने होतो, कृतज्ञतेने होतो. परंतु वाचकाला आदराहून अधिक काही हवे असते. दूध कोणाला आधी पाजले, मुलाला की पिलाला? रात्री दाराची कडी कोणी तपासली? मुलांना कधी हेवा वाटला का, की बाबांचे लक्ष आपल्यापेक्षा अस्वलाकडे अधिक आहे? धैर्याची कथा सांगताना भीती गाळली की धैर्यही पातळ होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे थोरपण यातच आहे की रेव्हरंड टिळकांच्या औदार्याचा हिशेब तेथे घर चालविणारी स्त्री मांडते आणि तो मांडताना हसते, रागावतेही. हेमलकशाच्या घराला या पुस्तकांत असा हिशेबनीस लाभला नाही.

दुसरी उणीव पुस्तकापेक्षा त्याच्या वाचकांत अधिक आहे. तरी लेखकाने ती ओळखून सावध करावयास हवे होते. बिबळ्याबरोबर खेळणाऱ्या मुलाचे छायाचित्र पाहून शहरातल्या आईबापांना आपल्याही मुलास 'प्राण्यांचा सहवास' द्यावासा वाटतो. मग बाजारातून पोपट येतो आणि गॅलरीत पिंजरा टांगला जातो. आपल्या रानातला पोपट घरात कोंडणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसते. हेमलकशाला पिले आली ती आई मारली गेल्यामुळे. आमच्या बाजारात पिले येतात ती आईपासून तोडल्यामुळे. या दोहोंतील भेद पुस्तकाने ठसठशीतपणे सांगितला असता तर बरे झाले असते. शिवाय त्या घरात दोन डॉक्टर होते. दंश झाला तर उपचार चार पावलांवर होता. आमच्या भागात कुत्रा चावला तर जखम साबणाने भरपूर वेळ धुवावी आणि लस टोचून घ्यावी, हे अजूनही घरोघर सांगावे लागते. त्याऐवजी चुना किंवा मिरची भरणारे वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. निर्भयतेचे अनुकरण करणाऱ्याने त्यामागची जाणकारीही उचलली पाहिजे.

आणि तिसरी उणीव त्या मुलाने दाखविलेली. तिला उणीव म्हणावे की मर्यादा, याविषयी आम्ही साशंक आहोत. कारण जे घर अनाथालय आहे त्याने जनावर विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु मराठवाड्यातल्या मुलाचे जनावर अनाथालयातले नसते. ते त्याच्याबरोबर वाढते, त्याच्या ताटातले उष्टे खाते, थंडीत त्याच्या गोधडीशेजारी निजते. आणि एके दिवशी बापाच्या हातातल्या दोरीने बाजाराला जाते. पोळ्याला ज्या बैलाच्या शिंगांना मुलगा रंग लावतो तोच बैल दुष्काळाच्या सालात चाऱ्याअभावी विकला जातो. येथे क्रूर कोणीच नसतो. बाप रात्री जेवत नाही. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त मोरी गाय आहे. तिच्यावर आईचा किती जीव होता हे वाचून पिढ्या रडल्या. पण मोरी मरते. ती विकली जात नाही. मरण सोसणे आणि विकणे सोसणे ही दोन निराळी दुःखे आहेत. दुसऱ्यात आपलाच हात असतो.

या दुःखाला पवित्र शास्त्रात एक जागा आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाला एका दरिद्री माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्यापाशी एकच मेंढी होती. ती त्याच्या लेकरांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला ती लेकीसारखी होती. एका श्रीमंताने ती नेली आणि पाहुण्यासाठी कापली. राजा संतापला, तेव्हा संदेष्ट्याने त्याला त्याचेच पाप दाखविले. ही गोष्ट आम्ही दाविदाच्या पापाची गोष्ट म्हणून शिकलो आणि शिकवीत आलो. सेमिनरीतल्या अभ्यासात ती मेंढी केवळ दृष्टांत होती. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मात्र आम्हांस त्या घरातली लेकरे दिसू लागली; मेंढी नेली त्या संध्याकाळी ती कोठे बसली असतील, हे मनात येऊ लागले. शास्त्र त्याविषयी काही सांगत नाही. ते सांगणे साहित्याचे काम आहे.

हिंगोलीजवळचे नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा कोरडी पोळी त्याला लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका येथील लहान पोरासही ठाऊक आहे. ज्या मातीत ही कथा रुजली त्या मातीतून, बाजाराला गेलेल्या शेळीची आणि मागे उरलेल्या मुलाची कथा लिहिणारा लेखक निघावा, अशी अपेक्षा आम्ही केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. हेमलकशाच्या पुस्तकांनी त्याला एक मोठा धडा दिला आहे : सांगायचे ते साधे सांगावे आणि माणसाची भूक व जनावराचा जीव यांपैकी एकाकडेही पाठ फिरवू नये.

मराठीत 'पाळणे' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. जनावर पाळतात, शब्द पाळतात, पथ्य पाळतात. ज्यात लेकरू निजते तो पाळणा आणि मेंढरांमागे चालतो तो मेंढपाळ. पाळणे म्हणजे ज्याचा भार घेतला त्याला न सोडणे. हेमलकशाला हे साधले, कारण त्यामागे एका मोठ्या ध्येयाचे बळ होते. ज्याला ते साधत नाही, ज्याला बियाण्यासाठी दोरी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते, त्यानेही पाळलेलेच असते. त्याच्या पाळण्याला कमी लेखण्याचा अधिकार आम्हांस नाही.

मुलाला आम्ही एवढेच म्हणालो की, त्यांना विकावे लागले नाही, हे त्यांचे भाग्य. त्याने थोडा विचार केला आणि कपाटातून दुसरे पुस्तक मागितले. जनावरांचेच हवे, असे तो म्हणाला. आम्ही त्याला 'श्यामची आई' दिले. मोरी गाईचे पान कोठे आहे, ते मात्र सांगितले नाही.