निवडुंगाचा उतारा आणि पुराव्याचा हिशोब

दारूच्या दुसऱ्या दिवशीच्या त्रासावर कुठल्यातरी वनस्पतीचा अर्क चालतो, 'संशोधनाने सिद्ध झालंय', अशी बातमी अधूनमधून येतेच. अशा वेळी मूळ पेपर उघडायचा. आज एक उघडूया.

२००४ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये ओपन्शिया फायकस-इंडिका या निवडुंगाच्या (आपल्या फड्या निवडुंगाची भावकी) अर्काची अमेरिकन चाचणी छापून आली. रचना चांगली आहे. डबल-ब्लाइंड, क्रॉसओव्हर, म्हणजे प्रत्येकाने दोन आठवड्यांच्या अंतराने अर्क आणि प्लासिबो दोन्ही घेतले, प्यायच्या ५ तास आधी. दोन्ही फेऱ्या ५५ जणांनी पूर्ण केल्या.

लक्षात राहणारा निष्कर्ष असा: तीव्र हँगओव्हरचा धोका निम्म्यावर आला. पण लक्षणांचे एकूण गुण सरासरी २.७नेच घटले, पी-मूल्य ०.०७. कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.२ ते ५.५, म्हणजे शून्य त्याच्या पोटातच आहे.

मग 'निम्मा' आला कुठून? १८ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे 'तीव्र', अशी रेघ ओढली म्हणून. १७ आणि १८ गुणांच्या माणसांत फरक असा कितीसा? तरी रेघेमुळे ते दोन गटांत गेले. अशी रेघ दिसली की विचारायचं, ती डेटा बघण्याआधी ठरली होती की नंतर? शिवाय ९ लक्षणांपैकी मळमळ, तोंडाची कोरड आणि भूक मरणं एवढ्या तिघांतच ठळक फरक दिसला. ९ वेळा फासे टाकले की एखादं दान पडतंच.

लेखकांनी काही लपवलेलं नाही. ०.०७ गोषवाऱ्यातच आहे. घाई वाचणाऱ्यांची.

म्हणून निवडुंग कुचकामी ठरतो का? तसंही नाही. तो प्रश्न अजून सुटलेला नाही, एवढंच. २०२२मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 'अ‍ॅडिक्शन'मध्ये २१ चाचण्यांचा आढावा घेतला. सगळे मिळून ३८६ जण, आणि कुठल्याही दोन चाचण्या एकाच उपायावर नाहीत! लवंगेच्या अर्कासारखे काही निकाल आशादायक दिसले, पण पुराव्याचा दर्जा फार कमी.

प्रत्येकाला नवी वनस्पती हवी, जुनी कुणी पुन्हा तपासत नाही. प्रपोजल लिहिताना 'यात नवीन काय?' हा प्रश्न तुम्हालाही विचारतील. तोच अर्क, तेच माप, फक्त निकष आधी जाहीर केलेला आणि माणसं जास्त, हे उत्तरही द्यायला हरकत नाही.